मानवी हाडांतला डीएनए चरातच वाचवावा लागेल : पुरातत्त्व खात्यांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली;
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य;
आणि उत्खनन करणाऱ्या विद्यापीठांचे विभागप्रमुख व उत्खनन संचालक

विषय : मानवी अस्थी जमिनीतून काढताना, साठवताना आणि नमुन्यासाठी देताना पाळायची कार्यपद्धती उत्खननाच्या परवान्यालाच जोडण्याबाबत

महोदय, महोदया,

पावसाळा ओसरला की उत्खननाच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि परवान्यांचे कागद फिरू लागतात. त्या कागदांबरोबर आणखी दोन पानांचा एक कागद प्रत्येक उत्खनन संचालकाच्या हाती पडावा, तो बंधनकारक असावा आणि मानवी हाड दिसल्या क्षणापासून ते प्रयोगशाळेच्या किंवा संग्रहाच्या दारात पोहोचेपर्यंत काय करायचे व काय करायचे नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र आहे. मी मानवी अस्थींची अभ्यासक आहे. प्राचीन डीएनएच्या प्रयोगशाळांसाठी नमुने निवडण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते आणि त्या कामात वारंवार जाणवते ते असे, की आपल्याकडचे बरेचसे नुकसान जमिनीत न होता जमिनीबाहेर काढल्यावर होते.

राखीगढीचे उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. हरियाणातील हिसार जिल्ह्यातल्या या हडप्पाकालीन स्थळाच्या दफनभूमीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि त्यावर आधारित शोधनिबंध २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर वाहिन्यांवर आर्यांच्या प्रश्नाचा जो गदारोळ उठला त्यात एक साधी गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी उपयोगी पडला तो फक्त एक. तो एका स्त्रीचा होता. तिच्याही हाडातून एका प्रयत्नात पुरेसा डीएनए निघाला नाही. शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून, प्रत्येक वेळी हाती आलेले तुटपुंजे तुकडे एकत्र केल्यावर तिच्या वंशपरंपरेविषयी काही बोलता येईल इतकी माहिती जमली. एका स्त्रीच्या जनुकसंचावर एका संपूर्ण संस्कृतीविषयीचे निष्कर्ष तोलून धरावे लागतात, ही आपल्या साधनसामग्रीची खरी स्थिती आहे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या पत्राचा विषय नाही. ६१ पैकी एक हे प्रमाण दहापैकी एक झाले असते तर त्या वादाला निदान भक्कम पाया मिळाला असता, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्या हवेत डीएनए टिकतच नाही, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते निम्मे खरे आहे. पाण्याच्या संपर्कात डीएनएच्या साखळीतले दुवे आपोआप निखळत जातात आणि तापमान वाढले की हा वेग झपाट्याने वाढतो. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवरून २०१२ साली मांडलेल्या हिशोबात, सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानाच्या जमिनीत २४२ दुवे लांबीच्या तुकड्याचे अर्धायुष्य ५२१ वर्षे निघाले. दख्खनच्या जमिनीचे सरासरी तापमान याच्या जवळपास दुप्पट आहे. त्यात दर पावसाळ्यात भिजणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती. उलट, हिमालयात पाच हजार मीटरांवर असलेल्या रूपकुंडच्या काठावर उघड्यावर विखुरलेल्या सांगाड्यांपैकी ३८ जणांचा जनुकीय अभ्यास होऊ शकला आणि त्यातले १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशाशी वंशसंबंध असलेले निघाले. थंडीचे महत्त्व यातून दिसते.

उरलेले निम्मे खरे नाही, ते का हेही सांगायला हवे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत पुरलेल्या, सुमारे ७,२०० वर्षांपूर्वीच्या तरुण मुलीचा जनुकसंच २०२१ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरूनमधील शुम लाका येथील चार मुलांचा डीएनए मिळाला, त्यातील दोन मुले सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची होती. ही दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधात आहेत. दोन्हीकडे यश मिळाले ते कवटीच्या एकाच हाडामुळे. कानाच्या आतल्या बाजूला शंखास्थीचा जो दगडासारखा घट्ट भाग असतो, ज्याला अभ्यासक पेट्रस म्हणतात, त्याच्या पोटात शंखाकृती अंतर्कर्ण असतो आणि त्या अंतर्कर्णाभोवतीचे कवच शरीरातील सर्वांत दाट हाडांपैकी एक आहे. इतर हाडे आयुष्यभर झिजत आणि नव्याने घडत राहतात. हे कवच मात्र बाळपणी एकदा घडले की जवळपास तसेच राहते. हंगेरीतील सांगाड्यांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पेट्रसमधील मूळ डीएनएचे प्रमाण दातांच्या तुलनेत ४ ते १६ पट आणि इतर हाडांच्या तुलनेत १८३ पटींपर्यंत जास्त आढळले. पुढच्याच वर्षी रॉन पिन्हासी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पेट्रसच्या आतही मोठा फरक असतो: अंतर्कर्णाच्या कवचातून मिळणारा डीएनए त्याच हाडाच्या बाहेरच्या सच्छिद्र भागापेक्षा १७७ पटींपर्यंत अधिक असू शकतो. म्हणजे एकाच हाडावर चुकीच्या जागी छिद्र पाडले तर नमुना रिकामा ठरतो आणि ‘येथे डीएनए नाही’ अशी नोंद होऊन ते स्थळ कायमचे बाद होते.

प्रयोगशाळांनी आपल्या बाजूने गेल्या दशक-दीड दशकात पुष्कळ प्रगती केली आहे. पन्नासपेक्षाही कमी दुव्यांचे तुकडे पकडणाऱ्या सिलिकाच्या पद्धती आल्या, एकपदरी धाग्यापासूनही वाचनयोग्य संच तयार करता येऊ लागले, भुकटी आधी थोडा वेळ द्रावणात ठेवून वरवरचा जिवाणूंचा डीएनए धुऊन टाकायचा आणि मगच मुख्य निष्कर्षण करायचे ही युक्ती रूढ झाली. आता ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी भुकटी पुरते. या विषयाचा पाया घालणाऱ्या स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल मिळाले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांतही हे सारे छापून आले होते. म्हणून त्यात अधिक शिरत नाही. जे हाडातून आधीच निघून गेले आहे ते कोणत्याही द्रावणाने परत येत नाही.

आता मूळ मुद्दा. पॅरिसमधील मेलानी प्रुव्होस्त, एव्हा-मारिया गाइग्ल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली केलेला एक अभ्यास माझ्या मते प्रत्येक उत्खनन शिबिराच्या भिंतीवर चिकटवायला हवा. त्यांनी ताजी काढलेली, न धुतलेली हाडे आणि नेहमीच्या पद्धतीने धुऊन-सुकवून संग्रहात ठेवलेली हाडे यांची तुलना केली. न धुतलेल्या ताज्या हाडांत सहापट अधिक डीएनए होता आणि त्यांतून अस्सल क्रम मिळण्याचे प्रमाण दुप्पट होते. सर्वांत बोलके उदाहरण एकाच जनावराचे होते. सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या एका रानबैलाची काही हाडे आधी निघाली होती आणि उरलेली ५७ वर्षांनी निघाली. संग्रहात धुऊन ठेवलेल्या हाडांतून काहीही मिळाले नाही. नव्याने काढलेल्या सगळ्या हाडांतून मिळाले. जमिनीखालच्या बत्तीस शतकांत जेवढा डीएनए नष्ट झाला, निदान तेवढाच फडताळातल्या ५७ वर्षांत नष्ट झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. थंड युरोपात ही गत असेल, तर पत्र्याच्या छपराखालच्या, एप्रिल-मेमध्ये भट्टीसारख्या तापणाऱ्या आपल्या गोदामांचा विचार करून पाहावा.

आपल्या चरांत प्रत्यक्षात काय होते, ते एका उदाहरणाने सांगते. ठिकाणाचे नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणचे नाही. दफन सापडते, ब्रशने माती दूर केली जाते, सांगाडा पूर्ण उघडा होईपर्यंत आणि छायाचित्रे, रेखाटने व पाहुण्यांच्या भेटी आटोपेपर्यंत तो दोन-तीन दिवस उन्हात राहतो. रात्री ताडपत्री, सकाळी पुन्हा ऊन. हाड भुसभुशीत दिसले की त्यावर पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या गोंदासारख्या रसायनाचे पातळ द्रावण सोडले जाते, म्हणजे ते उचलताना तुटत नाही. मग ते हातांनी उचलून शिबिरात नेले जाते, तिथे पाण्याच्या घमेल्यात टूथब्रशने घासले जाते, उन्हात वाळवले जाते, शाईने त्यावर क्रमांक घातला जातो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले जाते. पिशवीत ओल राहिली असेल तर आतून बाष्प धरते आणि बुरशी येते. यातली प्रत्येक कृती करणाऱ्याने ती काळजीने आणि शिकवल्याप्रमाणेच केलेली असते. हाडांची मोजमापे घ्यायची, वय-लिंग ठरवायचे, एवढाच उद्देश होता तेव्हा ही पद्धत चालून गेली, कारण स्वच्छ आणि कडक झालेले हाड मोजायला सोयीचे असते.

त्या घमेल्यात आणखी एक नुकसान होते, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कवटीच्या कानाच्या छिद्रात मातीची एक गच्च गुळी बसलेली असते. ती पाण्याने सुटली की तिच्याबरोबर मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन अस्थिका वाहून जातात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची असते. या अस्थिकांतही पेट्रसच्या तोडीचा डीएनए टिकतो, हे २०२० मध्ये दाखवले गेले आहे. म्हणजे ती गुळी तशीच राखली असती तर पेट्रसला हात न लावताही नमुना मिळू शकला असता.

माझी विनंती आहे की कार्यपद्धतीत निदान पुढील गोष्टी निःसंदिग्धपणे याव्यात. हाड दिसताच चरात उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित करावी आणि त्यांनी नायट्राइल हातमोजे व मुखपट्टी वापरावी. कवटीचा भाग ओळखू आला की सांगाडा पूर्ण उघडा होण्याची वाट न पाहता, जागेवर छायाचित्र व मोजमाप घेऊन, दोन शंखास्थींपैकी एक आणि दोन-तीन घट्ट दाढा त्याच दिवशी मातीसह उचलाव्यात, ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खात (फॉइल) व कागदी पाकिटात ठेवाव्यात, त्यांना पाणी, गोंद, रसायन, शाई काहीही लावू नये आणि सावलीत ठेवून शिबिरातील शीतपेटीत व तिथून शक्य तितक्या लवकर फ्रीजमध्ये न्यावे. भिजलेले हाड आधी सावलीत हवेवर कोरडे करावे. गोठवणे आणि वितळणे वारंवार होऊ देऊ नये. फ्रीझरची वीज सारखी जात असेल तर साधा फ्रीज बरा. बाकीच्या सांगाड्यासाठी दृढीकरण, म्हणजे रसायन सोडून हाड कडक करणे, अटळ असेल तर ते करावे, पण कोणते रसायन, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला, हे नोंदवहीत लिहावे. जवळच्या मातीचाही एक नमुना घ्यावा. या सगळ्याला लागणारे सामान एका मध्यम पेटीत मावते आणि त्याचा खर्च एका ड्रोन-छायाचित्रणाच्या दिवसापेक्षा कमी असावा, असा माझा अंदाज आहे.

महाराष्ट्रापुरता एक वेगळा मुद्दा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननाने ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांचे गाव आपल्यासमोर उभे केले. तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांची पावले घोट्यापाशी तोडलेली असत. नेवासे, दायमाबाद येथेही मुलांची कुंभदफने सापडली. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी इनामगावच्या सांगाड्यांवर केलेले काम आजही जगभर संदर्भासाठी वापरले जाते, आणि ते शक्य झाले कारण त्या पिढीने हाडे फेकून न देता जपली. परंतु एका घराखाली पुरलेली मुले सख्खी भावंडे होती की नाही, पाच खोल्यांच्या मोठ्या घरातील माणसे आणि शेजारच्या झोपडीतील माणसे यांचे रक्ताचे नाते होते का, लग्न होऊन बाहेरून येणाऱ्या स्त्रिया होत्या की पुरुष, या प्रश्नांना मोजपट्टीने उत्तर मिळत नाही. ती उत्तरे डीएनएच देऊ शकतो, आणि जोर्वेकालीन पुढचा कुंभ निघेल तेव्हा ती संधी आपल्या हातात असेल.

अशा कुंभांच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. नवजात अर्भकाची शंखास्थी अजून एकसंध झालेली नसते, त्यामुळे पेट्रस हा सुटा, बोटाच्या पेराएवढा, खडबडीत तुकडा म्हणून मिळतो. ज्याने तो आधी पाहिलेला नाही तो त्याला खडा समजतो आणि चाळणीवरून बाजूला टाकतो. चुनखडीच्या गाठींनी भरलेल्या आपल्या मातीत तर हा गैरसमज फारच सहज होतो. म्हणून कुंभ जागेवर रिकामा करू नये. भोवतालच्या मातीसह पट्ट्या बांधून तो अखंड उचलावा आणि अस्थी-अभ्यासकाच्या उपस्थितीत बंद खोलीत उकलावा. शिबिरात पूर्णवेळ अस्थी-अभ्यासक ठेवणे प्रत्येकाला परवडणार नाही, हे मी जाणते. परंतु दफन सापडल्याचे कळवल्यापासून दोन दिवसांत पोहोचू शकतील अशा प्रशिक्षित व्यक्तींची विभागवार यादी खात्याला करता येईल आणि चर-पर्यवेक्षकांना पेट्रसचे प्रतिरूप हातात देऊन ते ओळखायला शिकवणे एका दुपारचे काम आहे.

जुन्या संग्रहांबद्दल मात्र मी उलट दिशेने आग्रह धरते: घाई करू नये. पेट्रसची कीर्ती झाल्यापासून जगभरच्या संग्रहांतून ती हाडे भराभर कापली गेली आहेत आणि एकदा कापलेला अंतर्कर्ण परत जोडता येत नाही. त्या अंतर्कर्णाच्या आकारातही वंशाची आणि संतुलनाच्या इंद्रियाची माहिती असते. म्हणून कोणताही नमुना देण्याआधी सीटी स्कॅन, छायाचित्रे आणि प्रतिरूप व्हावे, एका बाजूचा पेट्रस कायमचा राखून ठेवावा, आणि अखंड कवटी असेल तर तळाच्या बाजूने बारीक छिद्र पाडून भुकटी काढण्याची पद्धत वापरावी, जी २०१७ पासून उपलब्ध आहे. दाताच्या बाबतीत फक्त मुळाचा भाग द्रावणात बुडवून, वरचा भाग अबाधित ठेवून डीएनए मिळवता येतो. सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेतील हरणाच्या दाताचे लॉकेट जराही न कोरता, केवळ कोमट ते गरम द्रावणात टप्प्याटप्प्याने ठेवून ते बाळगणाऱ्या स्त्रीचा डीएनए २०२३ मध्ये मिळवला गेला. ही पद्धत आपल्या तापमानातील हाडांना लागू पडेलच असे नाही, पण नाश कमी करण्याची दिशा ती दाखवते. संपूर्ण हाड पाठवून द्या, भुकटी आम्ही करू, अशी मागणी करणाऱ्या प्रयोगशाळेला, ती देशातली असो वा परदेशातली, नम्रपणे नकार देण्याचे बळ आपल्या नियमांनी संग्रहपालांना द्यायला हवे.

देशात प्राचीन डीएनएवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. हैदराबादची सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी) आणि लखनऊची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही त्यांतील ठळक नावे. त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक करार असावा, ज्यात किती मिलिग्रॅम वापरले, उरलेले केव्हा परत येईल आणि निकाल कधी जाहीर होईल हे लिहिलेले असेल. माझी विशेष विनंती अपयशाच्या नोंदींबद्दल आहे. राखीगढीच्या ६० अपयशी नमुन्यांची संख्या आपल्याला निदान माहीत तरी आहे, कारण ती निबंधात छापली गेली. परंतु एरवी नमुना रिकामा निघाला की फाइल बंद होते, आणि काही वर्षांनी दुसरा कोणीतरी त्याच स्थळाच्या त्याच थरातून, त्याच प्रकारचे हाड घेऊन तोच प्रयोग करतो आणि आणखी एक पेट्रस खर्ची पडतो. कोणत्या मातीत, किती खोलीवर, कोणत्या प्रकारच्या दफनात, धुतलेल्या की न धुतलेल्या हाडातून काय मिळाले किंवा मिळाले नाही, याची एक सार्वजनिक नोंदवही सर्वेक्षणाने ठेवली तर पाच-सात हंगामांत आपल्या हवामानासाठीचे निकष आपल्याच आकड्यांवरून ठरवता येतील. आज आपण युरोपातल्या आकड्यांवर विसंबून आहोत, आणि या पत्रातले बहुतेक आकडेही तिथलेच आहेत.

ज्या गावाच्या हद्दीत दफन सापडते त्या गावाला काय सांगायचे, हेही कार्यपद्धतीत असावे. २०२१ मध्ये ३१ देशांतील अभ्यासकांनी मिळून प्राचीन डीएनएच्या कामासाठी जी नैतिक तत्त्वे मांडली, त्यांत स्थानिक नियमांचे पालन, कामाआधी तपशीलवार आराखडा, हाडांचे कमीत कमी नुकसान, माहिती इतरांना उपलब्ध करणे आणि संबंधित समाजांशी पहिल्यापासून संवाद यांचा समावेश आहे. ती तत्त्वे आपल्याला जशीच्या तशी स्वीकारता येतील. शिबिर उठण्यापूर्वी ग्रामपंचायतीत अर्धा तास बसून, हाडे कुठे नेत आहोत आणि कशासाठी, हे मराठीत सांगितले तर पुढच्या हंगामात शेत उकरू देण्याबद्दलची कुरकूर बरीच कमी होते, हा माझा अनुभव आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उत्खननाच्या प्रस्तावांची छाननी होते तेव्हाच ‘मानवी अस्थी सापडल्यास’ असा स्वतंत्र रकाना अर्जात घालावा आणि त्यात शीतसाठवण कुठे आहे, अस्थी-अभ्यासक कोण आहे, नमुन्याचा निर्णय कोण घेईल, ही तीन उत्तरे मागावीत. ज्या प्रस्तावात ती नसतील तो नाकारावा असे मी म्हणत नाही. तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा. कार्यपद्धतीचा मसुदा तयार करण्यासाठी अस्थी-अभ्यासक, जनुकशास्त्रज्ञ, संवर्धक रसायनतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष चरात उतरणारे दोन-तीन अनुभवी पर्यवेक्षक यांची छोटी समिती नेमावी, तिला येत्या हंगामापूर्वीची मुदत द्यावी, आणि मसुदा इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व अन्य राज्यभाषांतही काढावा, कारण पहिले हाड बहुतेक वेळा उत्खनन संचालकाच्या आधी चरात काम करणाऱ्या मजुरालाच दिसते.

कळावे.

आपली,
मानवी अस्थींची एक अभ्यासक
पुणे